अहुरमझ्दाचे चारशे गुण

देवाला किती गुण द्यावेत, हा प्रश्न ज्याच्यापुढे येईल त्यानं उत्तर शोधत बसू नये, पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपावं, असं केकु मोग्रेलियाचं हल्ली ठाम मत आहे. केकुची ठाम मतं तशी पुष्कळ आहेत आणि ती सगळीच्या सगळी गोष्ट घडून गेल्यावर तयार झालेली आहेत. विमा कंपनीत जन्म काढलेल्या माणसाला धोका लांबून ओळखता यावा अशी जगाची अपेक्षा असते. केकुनं जन्मभर दुसऱ्यांचे धोके ओळखले. स्वतःचा धोका चालत घरी आला, तेव्हा त्याला 'साहेबजी' म्हणून खुर्ची दिली.

हा धोका आला तो बडोद्याहून, त्याच्या मुलीच्या पिशवीतून. तिनाझ सुट्टीला नवसारीला आली होती आणि फळियातल्या, म्हणजे गल्लीतल्या, दोनतीन पोरांना जमवून जेवणाच्या टेबलावर काहीतरी खेळत होती. खेळ असा की एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले शूरवीर व्हायचं, आणि शूरवीराची तलवार राक्षसाला लागली की भिंतीला, हे वीस तोंडांच्या एका फाशानं ठरवायचं. केकुला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो भाखऱ्यांचा डबा घ्यायला आला होता. डबा टेबलावरच्या जाडजूड पुस्तकाखाली होता. त्यानं पुस्तक उचललं आणि उघड्या पानाकडे नजर गेली.

पानावर एक माणूस होता. दंडांवरून पैलवान, चेहऱ्यावरून दाढीच्या साबणाच्या जाहिरातीतला. अंगात सोन्याचं चिलखत, हातातून ज्वाळा निघताहेत. खाली लिहिलं होतं: अहुरमझ्द. सर्वोच्च देव. प्राणबळ चारशे.

"हे काय आहे?" केकुनं विचारलं.

"देव आहेत पप्पा. खेळात लागतात."

"ते कळलं. चारशे काय आहेत?"

"प्राणबळ. तलवार लागली की कमी होतं."

"आणि संपलं की?"

तिनाझनं क्षणभर विचार केला. ती खोटं बोलणारी मुलगी नाही. "संपलं की मेला," ती म्हणाली.

केकुनं डब्यातून काढलेली भाखरी जमिनीवर पडली. ज्यानं आकाश केलं, पाणी केलं, ज्याला आदी नाही नि अंत नाही, सकाळी कमरेला कस्तीचा पवित्र दोरा बांधताना ज्याचं नाव घेतल्याशिवाय केकुनं कधी चहासुद्धा प्यायला नव्हता, तो दादार अहुरमझ्द चारशे घावांत मरतो, असं कुठल्यातरी परदेशी माणसानं छापून मोकळं केलं होतं!

"मोजले कोणी हे चारशे?"

"पप्पा, चारशे पुष्कळ असतात. ग्रीकांच्या सगळ्यांत मोठ्या देवालासुद्धा चारशेच आहेत."

तिनाझ हे समजूत घालण्यासाठी म्हणाली. पण लागलेल्या आगीवर सुखड, म्हणजे चंदनाचं लाकूड, टाकावं तसं झालं. ग्रीक! म्हणजे सिकंदर! आमचे ग्रंथ जाळणाऱ्या सिकंदराचा देव आणि आपला खोदायजी एका मापाचे! काळ किती का लोटेना, पारशी माणूस सिकंदराला माफ करत नाही. दूधवाल्याला करतो, जावयाला करतो, क्रिकेटच्या निवड समितीला नाइलाजानं करतो, सिकंदराला नाही. केकु अर्धा तास बोलला. पोरांनी तेवढ्यात भाखऱ्या संपवल्या.

"मग तुम्हीच बरोबर करून द्या ना," शेवटी तिनाझ म्हणाली.

तिला फक्त गप्प बसलेला बाप हवा होता. पण काही वाक्यं बोलणाऱ्याच्या मनात असतात त्याहून फार लांब जाऊन पडतात.

त्याचं कारण असं की केकु दर रविवारी शेठ मेरवानजी वाडीच्या मागच्या खोलीत फळियातल्या मुलांचा धर्माचा वर्ग घेत असे. मुलं त्या वर्गाला दातांच्या डॉक्टरकडे यावं तशी येत, आणि डॉक्टर रजेवर असावा अशी आशा त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. गेले काही रविवार तर दोनच मुली येत होत्या. त्यातली एक वाडीतच राहत असल्यामुळे तिला पळून जायला जागा नव्हती. वाडीच्या कमिटीवर नाजामाय होत्या. म्हणजे कमिटीवर आणखीही माणसं होती, पण ती नाजामायच्या मागे उभी राहून मान हलवायला. नाजामायना ती खोली बायकांच्या हाउझीसाठी, म्हणजे तंबोल्यासाठी, हवी होती.

पुढच्याच आठवड्यात वाडीत कुणाच्यातरी नवजोतीचं, म्हणजे पारशी मुंजीचं, जेवण होतं. केळीच्या पानातली मच्छी नुकती वाढून झाली होती. नाजामाय समोरच बसल्या होत्या.

"केकु, तुझ्या वर्गात म्हणे आता मुलांपेक्षा खुर्च्यांनाच धर्म जास्त कळायला लागलाय," त्या म्हणाल्या.

अख्खी पंगत हसली. केकुचा शेजारी सावकशा हसता हसता ठसकला, त्याची पाठ केकुलाच चोळावी लागली. आपली टिंगल ऐकून ठसकलेल्या माणसाची पाठ चोळण्याइतकं अपमानास्पद दुसरं काही नाही. केकु उठून उभा राहिला. उभं राहायची काही गरज नव्हती.

"येत्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, रोज होरमझ्दला, रविवारच आहे, मी वाडीत एक खेळ करणार आहे," तो म्हणाला. "खुद्द दादार अहुरमझ्द त्या खेळात असतील. फळियातलं एकूण एक मूल येईल. नाही आलं तर नाजामाय, खोली तुमची!"

खाली बसल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. बायकोकडे बघायचा धीर होईना. हिल्ला शांतपणे मच्छीचा काटा काढत होती.

"तुला तो खेळ येतो?" तिनं विचारलं.

"येईल."

"आणि देव?"

"देव मी शिकवतो, हिल्ला."

"तेच म्हणतेय मी," हिल्ला म्हणाली.

पहिलं काम गुण ठरवायचं. केकुला ते फारच सोपं वाटलं. अहुरमझ्द अमर्याद, सर्वशक्तिमान, सर्वज्ञ. तेव्हा प्राणबळही अमर्याद. झालं! तिनाझनं दोन पोरांना घेऊन घरातच एक डाव मांडला. शूरवीर गुहेत शिरले. गुहेत सात डोक्यांचा राक्षस. शूरवीरांनी लगेच अहुरमझ्दाला हाक मारली. अहुरमझ्द आले. राक्षस मेला, गुहा उजळली, जगातलं दुःख संपलं, मेलेले लोक उठून बसले. खेळ आटोपला. हिल्लानं चुलीवर ठेवलेल्या चहाला अजून उकळीसुद्धा आली नव्हती.

"आता?" एका पोरानं विचारलं.

"आता आनंद," केकु म्हणाला.

पोरं तो आनंद थोडा वेळ घेऊन घरी गेली.

"पप्पा, देव जिंकणार हे आधीच माहीत असेल तर खेळायचं कशाला?" तिनाझ म्हणाली. केकु रागावला. मग गच्चीवर जाऊन बसला. हा प्रश्न आपल्याला इतक्या वर्षांत पडला कसा नाही, याचा त्याला राग आला होता. मुलगी नुसता फासा खेळून तिथपर्यंत पोचली होती, आणि आपण एवढी पारायणं करून अजून भाखऱ्यांच्या डब्यापाशीच.

फळियात बातमी पसरली होतीच. सल्ले यायला लागले. सल्ला द्यायला पारशी माणसाला प्रश्न माहीत असावा लागत नाही. सावकशा रेल्वेत गार्ड होता, निवृत्त झाल्यापासून तो झेंड्याऐवजी बोट हलवत असे. तो दारातूनच म्हणाला, "अरे बावा, गुण कसले देतोस? खोदायजीची नावं एकशे एक. एकेक नाव म्हणजे एकेक शक्ती! पत्ते कर त्यांचे!"

सावकशानं आयुष्यात दिलेला हा एकमेव चांगला सल्ला. केकुनं पुठ्ठे कापले, एकेका पुठ्ठ्यावर एकेक नाव घातलं. आणि मग एक चमत्कार झाला. नावं वाचता वाचता तिनाझ किंचाळली, "पप्पा, हे बघा! आदरबादगर, म्हणजे अग्नीचा वारा करणारा. आदरनमगर, अग्नीचं दव करणारा. बादगेलगर, वाऱ्याची माती करणारा! अहो, हे तर आयते मंत्र आहेत! आमच्या पुस्तकवाल्यांना हे सुचलंसुद्धा नाही!"

केकु ती नावं लहानपणापासून म्हणत आला होता. म्हणताना त्याचं लक्ष नेहमी पुढचं नाव आठवण्याकडे असे, त्यामुळे आग खरोखर दव होताना त्यानं कधी बघितली नव्हती. त्या दुपारी बापलेक टेबलाशी बसून एकेक नाव घेत, त्यानं काय काय करता येईल हे ठरवत बसली. मुलगी कॉलेजला गेल्यापासून एवढ्या गप्पा त्यांच्यात झाल्या नव्हत्या. केकुला वाटलं, खेळ इथेच थांबला तरी चालेल. पण पंगतीत उभं राहून बोललेलं वाक्य माणसाला थांबू देत नाही.

देवाची सोय झाली. अडचण सैतानाची आली.

अहरिमनाशिवाय खेळ नाही, हे आता केकुलाही कळलं होतं. पण अहरिमनाचं नाव लिहायचं कसं? जुन्या पोथ्यांत ते नाव उलटं लिहीत, खाली डोकं वर पाय, म्हणजे त्या दुष्टाला मान मिळायला नको. केकुनंही पत्त्यावर उलटं लिहिलं. पोरांनी तो पत्ता हातात घेतला, फिरवून सरळ केला आणि वाचला. आता नाव सरळ आणि मागचं चित्र उलटं! केकुनं चित्र उलटं काढलं. मग पत्ता नक्की कुठून धरायचा यावरून दोन पोरांची मारामारी झाली. अहरिमन खेळात यायच्या आधीच कामाला लागला होता.

त्याहून मोठा प्रश्न, अहरिमन व्हायचं कोणी? एकाही पोराची आई तयार होईना. "माझ्या डिकऱ्याला गनामिनो सैतान बनवतोस? त्यापेक्षा त्याला राजकारणात घाल!" असं एक बाई फळियाच्या टोकावरून ओरडून सांगून गेल्या. सावकशाला विचारलं तर तो म्हणाला, "माझं हृदय कमजोर आहे." अहरिमन व्हायला हृदय मजबूत लागतं हे केकुला नवीन होतं.

"तूच हो," हिल्ला म्हणाली.

"मी? मी धर्म शिकवतो!"

"मग त्या दुष्टाबद्दल तुझ्याएवढं कुणाला माहीत असणार? शिवाय आपल्या लग्नात माझ्या मम्मानं तुला पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा ती असंच काहीतरी पुटपुटली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी केकु अंडी आणायला गेला. अंडेवाला त्याला वर्षानुवर्षं 'केकुशेठ' म्हणायचा. त्या दिवशी त्यानं अंडी कागदात बांधता बांधता खालच्या आवाजात विचारलं, "शेठ, ऐकलं ते खरं का? तुम्ही सैतान झालात?" केकुनं सांगितलं की फक्त रविवारपुरता. अंडेवाल्यानं समजूतदारपणे मान हलवली, पण अंडी हातात न देता फळीवर ठेवली.

वाडीची परवानगी मिळवणं हा वेगळाच पुराणाचा अध्याय. नाजामाय म्हणाल्या, "खेळ करमणुकीचा की धर्माचा? करमणुकीचा असेल तर करमणूक कमिटीला विचार." करमणूक कमिटी म्हणजे एक गृहस्थ, ते व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, "देव आहे ना त्यात? मग धर्म कमिटी." धर्म कमिटीही तेच होते, पण त्या कमिटीचे म्हणून ते फक्त जशनच्या प्रार्थनेच्या दिवशी बोलत. केकु परत नाजामायकडे गेला.

"आणि फासे आहेत म्हणे," नाजामाय म्हणाल्या. "वाडीत जुगार चालत नाही."

"मग हाउझी?"

"हाउझी ही समाजसेवा आहे, केकु." नाजामायनी इतक्या शांतपणे सांगितलं की केकुला क्षणभर पटलंच. "एरवद पेशोतनजींची परवानगी आण. ते हो म्हणाले तर मी कोण नाही म्हणणारी?"

नाजामाय हसत होत्या. कारण पेशोतनजी कुणालाच हो म्हणत नसत. फळियाच्या अगियारीचे ते मोबेद, म्हणजे धर्मगुरू, उंच, काठीसारखे ताठ, पांढरीशुभ्र दाढी. लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद देतानासुद्धा ते दोघांकडे असं बघत की जणू यांची काहीतरी लबाडी आपल्याला ठाऊक आहे. केकु त्यांच्याकडे सकाळी गेला, घसा कोरडा पडेपर्यंत सगळा खेळ समजावून सांगितला. पेशोतनजी डोळे मिटून ऐकत होते. झोपले की काय अशी केकुला शंका आली, आणि खरं सांगायचं तर आशाही.

"फासा कोण टाकतं?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

"शूरवीर टाकतात, साहेब. आणि... अहरिमन."

"खोदायजी?"

"नाही साहेब! त्यांचे नुसते पत्ते. ते शूरवीरांनी वापरायचे. त्यांना फासा टाकायला लावणं मला बरं वाटेना."

"हं." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "अहरिमन कोण होणार?"

केकुनं मान खाली घातली. पेशोतनजींनी डोळे उघडले, त्याला टोपीपासून चपलांपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बघायला येईन."

ही परवानगी होती की धमकी, हे केकुला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. नाजामायनाही आलं नाही, आणि त्या गोंधळातच वाडीचं दार उघडलं.

रविवार आला. त्या दिवशी रोज होरमझ्द होता, महिन्याचा पहिला दिवस, खुद्द अहुरमझ्दाच्या नावाचा. केकु काळा कोट घालून निघाला तर हिल्लानं दारात अडवलं. "काळं नको. उगाच अपशकुन. दगली घाल." होय नाही करता करता केकु पांढरीशुभ्र दगली आणि डोक्यावर पगडी अशा लग्नाच्या थाटात वाडीत पोचला. नवसारीनं एवढा स्वच्छ अहरिमन कधी पाहिला नसेल.

आणि मुलं आली होती! फळियातली सगळी. कारण केकु अंकल सैतान झालेत हे बघायला कुठलं मूल येणार नाही? त्यांच्यामागे त्यांच्या आया, आयांच्या मागे त्यांच्या सासवा, रास्पबेरी सोड्याच्या बाटल्या, सावकशा, आणि पुढच्या रांगेत, मधोमध, हातात मिटलेला पंखा घेऊन नाजामाय.

खेळ सुरू झाला. तिनाझ गोष्ट सांगत होती, पोरं शूरवीर झाली होती, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला एकटा केकु. केकुचा बेत साधा होता. थोडा वेळ गुरगुरायचं, मग शिस्तीत हरायचं, आणि घरी जाऊन धानसाक खाऊन झोपायचं.

त्यानं पहिला फासा टाकला. वीस.

मुलं "ओ!" म्हणाली. दुसरा टाकला. पुन्हा वीस. केकुला जन्मात कधी हाउझीची एक ओळ लागली नव्हती, लॉटरी लागली नव्हती, लग्नात टोपलीतला नारळ काढला तर तोही कुजका निघाला होता. आज त्याच्या हाताला काय झालं होतं खोदाय जाणे. किंवा दुसरा तो जाणे. शूरवीरांचे किल्ले पडत चालले. मुलांनी घाबरून अहुरमझ्दाची नावं भराभर खर्च करायला सुरुवात केली. आगीचं दव झालं, वाऱ्याची माती झाली, तरी केकुचा फासा काही ऐकेना.

"थांबा!" सावकशा मागून ओरडला. "खेळाच्या नियमात आहे ना, रोज होरमझ्दला अहुरमझ्दाची शक्ती दुप्पट?"

"हो, आजचा दिवस धरूनच तो नियम केला," तिनाझ म्हणाली.

"पण आज रोज होरमझ्द नाहीच! फसली पंचांगाप्रमाणे नाही!"

नवसारीत फसली पंचांग मानणाऱ्यांची सभा भरवायची झाली तर सावकशा ती एकटा भरवू शकला असता. पण एकट्या माणसाच्या सभेला आवाज मात्र मोठा असतो. नाजामाय पंखा उघडून म्हणाल्या, "सावक, तुझं पंचांग तुझ्या घड्याळासारखं आहे. गाडी गेल्यावर बरोबर होतं." मग काय! आया, सासवा, करमणूक कमिटी, धर्म कमिटी, सगळे उभे राहून वर्षाचा पहिला दिवस कुठला यावर भांडायला लागले. ज्या भांडणानं आजोबांच्या काळात घरं फुटली होती ते आता सोड्याच्या बाटल्यांतून पुन्हा फसफसून वर आलं. केकु टेबलाशी बसून ऐकत होता. अहरिमनाला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

एकदम सगळे गप्प झाले. दारात पेशोतनजी उभे होते.

काठी टेकत ते टेबलापाशी आले. एकेक पत्ता उचलून वाचला. उलटा पत्ता उचलून वाचला आणि उलटाच ठेवला. मग म्हणाले, "कोण जिंकतंय?"

तिनाझनं मान वळवली.

"मी, साहेब," केकु म्हणाला. दगलीच्या आत घामाचा ओहोळ चालला होता.

रोज होरमझ्दचा दिवस, पारशी वाडी, समोर मोबेदसाहेब, आणि धर्माचा शिक्षक अहुरमझ्दाचा पराभव करत होता! मुलांच्या हातात आता एकच किल्ला उरला होता आणि एकही पत्ता नव्हता. पुढच्या फाशात केकुला बारा किंवा त्याहून जास्त पडले की जग अंधारात. केकुनं फासा हातात घेतला आणि ओठांतल्या ओठांत 'अशेम वोहू' म्हणायला सुरुवात केली.

"अहरिमन प्रार्थना म्हणतोय!" एक पोरगं ओरडलं.

केकु दचकला. प्रार्थना उपयोगाची नाही असं बघून त्यानं दुसरा उपाय काढला. त्यानं फासा मुठीत न खुळखुळवता, दोन बोटांत धरून, एकचा आकडा वर ठेवून, अगदी अलगद टेबलावर टेकवला.

"एक पडला!" तो म्हणाला. "हरलो बुवा! शाबास डिकऱ्यांनो!"

टाळ्या वाजल्या नाहीत. वाडीत राहणारी ती मुलगी, परवीन, जी पळून जायला जागा नसल्यामुळे दर रविवारी वर्गात खिडकीकडे तोंड करून बसत असे, ती उभी राहिली होती.

"केकु अंकल, तुम्ही तो टाकला नाहीत. ठेवलात."

"चालतं गं. खेळ आहे."

"नाही चालत. मुद्दाम हरणं म्हणजे खोटं. आणि खोटं म्हणजे द्रुज, अहरिमनाची शक्ती. तुम्हीच सांगितलंत. खोटं बोलून खोदायजीला जिंकवता येत नाही. तसं केलं की तो दुसराच जिंकतो."

केकु तिच्याकडे बघत राहिला. आपण हे केव्हा सांगितलं, हे त्याला आठवेना. बहुधा कुठल्यातरी उकाड्याच्या रविवारी, खुर्च्यांकडे बघत, स्वतःलाच कंटाळून सांगितलं असावं. आणि ही मुलगी खिडकीकडे तोंड करून ते ऐकत होती! त्यानं पगडी पुढे ओढून डोळे झाकले. सैतानाला रडणं शोभत नाही.

"मग काय करू?" त्यानं विचारलं.

"नीट टाका."

केकुनं पेशोतनजींकडे पाहिलं. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली होती आणि त्यांची नजर फाशावर होती. "मुलगी बरोबर सांगतेय. टाक," ते म्हणाले.

केकुनं दोन्ही हातांत फासा खुळखुळवला, डोळे मिटले आणि टाकला. फासा टेबलावर गडगडला, सोड्याच्या बाटलीवर आपटला, गरगरला, थांबला.

एकोणीस.

जग अंधारात गेलं. अहुरमझ्द हरले. नाजामायच्या हातातला पंखा खाली पडला. केकुला वाटलं, आता धरणी दुभंगावी, किंवा निदान वाडीचं छत तरी कोसळावं. तो उभा राहिला आणि हात जोडून पेशोतनजींना म्हणाला, "साहेब, माफ करा. माझी चूक. खोलीची किल्ली मी नाजामायना..."

"बस खाली," पेशोतनजी म्हणाले. "लढाई शेवटच्या दिवसापर्यंत चालणार आहे असं शास्त्रात आहे. आज शेवटचा दिवस आहे का?"

"नाही साहेब."

"मग पुढच्या रविवारी." ते मुलांकडे वळले. त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या, पण वेगळ्याच. "मूर्खांनो, सगळी नावं सुरुवातीलाच खर्च केलीत! 'आदरनमगर' त्या पहिल्या किल्ल्यापाशी वापरायचं होतं का? मला विचारायचं! पुढच्या वेळी मी तुमच्या बाजूनं बसेन."

मग जो गलका उठला तो काय वर्णावा! मुलं टेबलावर चढली. पुढच्या वेळी कोण कुठला शूरवीर, कुठलं नाव केव्हा वापरायचं, केकु अंकलना कसं ठेचायचं, यावर तिथल्या तिथे खलबतं सुरू झाली. परवीन तर पत्ते पोटाशी धरून बसली, कुणाला हात लावू देईना. नावं पाठ करून आणते म्हणाली. एकशे एक नावं कुणी शिक्षकानं सांगितल्याशिवाय पाठ करायला निघालेलं मूल केकुनं पहिल्यांदाच बघितलं.

खोली केकुकडेच राहिली, पण त्याला आता त्या खोलीत कुणी शिक्षक मानत नाही. तो आत आला की मुलं दात ओठ खातात. रस्त्यात सासवा त्याच्याकडे बघून पदर सावरतात. अंडेवाला अजून अंडी फळीवरच ठेवतो. पण रविवारी मागच्या खोलीत खुर्च्या पुरत नाहीत, आणि पेशोतनजी अगियारीतलं काम आटोपून, धापा टाकत, वेळेच्या आधी येऊन बसतात. नाजामायनी खोलीचा विषय काढला नाही. त्यांनी निरोप पाठवला की हाउझी आता शनिवारी होईल, आणि रविवारी शूरवीरांत एक जागा रिकामी असल्यास आपण विचार करू.

गेल्या रविवारी केकु आपल्या जागेवर येऊन बसला, तर समोर मुलांच्या रांगेत, पेशोतनजींच्या डाव्या आणि नाजामायच्या उजव्या हाताला, हिल्ला बसली होती. चष्मा पुसत होती.

"तू इथे काय करतेस?" केकुनं विचारलं.

"शूरवीर आहे," हिल्ला म्हणाली. "टाक फासा. आणि केकु, दुपारी जेवायला घरी यायचं असेल, तर नीट विचार करून टाक."